बिनखिळ्याची बाज

आपल्या घरात जुन्या घडणीची बाज असेल, तर ती उलटी करून पाहा. तिच्या सांध्यांत खिळे नसतात. आडव्या दांड्याच्या टोकाला कोरलेलं कुसू खुराच्या भोकात बसतं आणि विणलेली दोरी चारही खूर आत ओढून धरते. म्हणून पायथ्याची दोरी ताणली की ढिली बाज पुन्हा घट्ट होते.

आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, बराचसा कोरडवाहू. चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आकसतं आणि सांधे खिळखिळे होतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि दार चौकटीत अडकतं. सांधा सैल होणारच, हे जुन्या सुतारांनी धरलेलं असे. म्हणून ते तो उकलता येईल असाच करत.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुतेदारीची व्यवस्था मांडली. त्यात सुतार थोरल्या ओळीत, म्हणजे जास्त वाटा मिळणाऱ्यांत येतो. नांगर, कुळव, पाभर, गाडी यांची वर्षभराची दुरुस्ती तो करी आणि सुगीला खळ्यावरून धान्य नेई. त्यामुळे औत नीट चालावं, यात त्याचाही फायदा होता. बाज, पाट, जात्याचा खुंटा या बायकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू मात्र बहुतेक ठिकाणी या हिशेबाबाहेर. त्यांचं वेगळं द्यावं लागे.

त्या काळाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. काम जन्मानं ठरे, आणि धान्य कमी पडलं तर कारागिराला दाद मागणं अवघड जाई. दुष्काळात खळंच रिकामं, तर बलुतं कुठून येणार?

मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आले, पुढे गाडीला रबरी टायर लागले, ट्रॅक्टर आले. सुतारनेटावरचं काम घटलं. सुतार शहराकडे गेले, आणि मोडकी बाज भंगारात जाऊ लागली.

पण दुरुस्ती आजही होते. कुसू झिजलं असेल, तर त्याला लाकडाची पातळ पट्टी चिकटवून जाड करता येतं किंवा टोकाला चीर देऊन पाचर ठोकता येते. कुसूच मोडलं असेल, तर दांड्यात मागे सरकून नवं कोरतात. दांडा तेवढा आखूड होतो, म्हणून समोरचा दांडाही त्याच मापाचा करावा लागतो. नाहीतर बाज तिरकी होते. मोठी बाज लहान खोलीसाठी आखूड करतात ती याच रीतीनं. सांध्यात खिळा मात्र ठोकू देऊ नका. त्यानं लाकूड चिरतं आणि पुढची दुरुस्ती अवघड होते.

बचत गटात एक विषय घेऊया. गावात कुणाकडे जुनं लाकडी सामान आहे आणि ते दुरुस्त करणारे हात कुठे आहेत, याची यादी करूया. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. हातानं हे काम करणारी बाईही अर्ज करू शकते, पण एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. घरात रंधा आणि पटाशी चालवणारी लेक असेल, तर अर्ज कुणाच्या नावे करायचा, हे आधी घरात बोलून घ्या.