दोना फ्लोर आणि तिचे दोन नवरे

ब्राझीलचे कादंबरीकार जॉर्जे आमादो (१९१२–२००१) यांची गाजलेली पोर्तुगीज कादंबरी. मूळ नाव ‘दोना फ्लोर ई सेउस दोइस मारिदोस’. साओ पाउलोच्या मार्तिन्स प्रकाशनाने ती १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. हॅरिएट द ओनिस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९६९ मध्ये आले. ईशान्य ब्राझीलमधील बाईया राज्याची राजधानी साल्वादोर येथे ही कथा घडते. एक सुगरण स्त्री, तिचा मेलेला छंदीफंदी नवरा आणि जिवंत असलेला सज्जन नवरा यांची ही प्रेमकथा आहे. उपशीर्षकात लेखकाने तिला नीतीची आणि प्रेमाची गोष्ट म्हटले आहे. यातील नीतीचा दावा त्यांनी गालातल्या गालात हसत केला आहे, हे पहिल्या काही पानांतच कळते.

कादंबरी सुरू होते ती मृत्यूने, आणि तोही कार्निव्हलच्या रविवारी सकाळी. फ्लोरचा नवरा वादिन्यो बाईयातील बायकांचा पारंपरिक पोशाख चढवून दोन जुलै चौकात मित्रांच्या टोळीबरोबर सांबा नाचत असतो. चावटपणा म्हणून त्याने घागऱ्याखाली कसाव्याचा भलामोठा कंद बांधलेला असतो, आणि मधूनच घागरा उचलून तो बायाबापड्यांना दाखवतो. नाचता नाचता तो कोसळतो. लोकांना वाटते, हेही सोंगच. बातमी घरी पोहोचते आणि फ्लोर धावत येते, तेव्हा चौकातला जल्लोष पुरता थांबलेलाही नसतो. मयताला जुगारी, वेश्या, वादक, प्रतिष्ठित नागरिक आणि वादिन्योने बुडवलेले सावकार असे सारे गाव लोटते. रडणे, खाणे-पिणे आणि मृताच्या लीलांचे किस्से एकाच खोलीत चालतात. हे सारे पुढे आमादो सविस्तर रंगवतात, आणि कादंबरीतील सर्वांत जिवंत पाने हीच आहेत.

साल्वादोर शहर १५४९ मध्ये तोमे द सोझा या पहिल्या गव्हर्नर-जनरलने वसवले. १७६३ मध्ये राजधानी रिओ द जानेरोला जाईपर्यंत ते पोर्तुगीज ब्राझीलचे मुख्य ठाणे होते. साखरेच्या व्यापारावर ते श्रीमंत झाले, आणि ती साखर पिकवण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे ते मोठे बंदरही होते. वरचे शहर कड्यावर, खालचे शहर बंदराशी. दोहोंना जोडणारा लासेर्दा उद्वाहक १८७३ पासून चालू आहे. गुलामांना जिथे जाहीर फटके मारत, त्या खांबावरून पेलोरिन्यो हे नाव पडलेला जुन्या घरांचा परिसर १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. लिस्बनहून गोव्याकडे ये-जा करणारी पोर्तुगीज जहाजेही वाटेत इथे नांगर टाकत.

इथला कार्निव्हल ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तोंडावर येतो आणि राखेच्या बुधवारी संपतो. पोर्तुगीजांनी आणलेला त्याचा जुना अवतार म्हणजे ‘एंत्रुदो’, रंगीत पाणी आणि पीठ फेकण्याचा धांगडधिंगा. तोच सण गोव्यात इंत्रुज म्हणून खेळला जात आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साल्वादोरच्या वरच्या वर्गाने रथ आणि मिरवणुकांचा युरोपीय थाटाचा कार्निव्हल सुरू केला. कृष्णवर्णीयांनी आपले ढोल आणि देवतांची गाणी घेऊन ‘आफोशे’ नावाचे ताफे रस्त्यावर आणले, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे त्यांच्यावर बंदीही आली. भारतीय वाचकाला ठाऊक असावा असा या परंपरेतला ताफा म्हणजे ‘फिल्योस द गांधी’, म्हणजे गांधींची लेकरे. महात्माजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, बंदरावरील हमालांनी तो काढला. पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरे फेटे आणि गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा असा त्याचा वेश आजही कायम आहे. १९५० मध्ये दोदो आणि ओस्मार या जोडीने जुन्या फोर्ड गाडीवर ध्वनिवर्धक चढवून वाजवत फिरायला सुरुवात केली आणि इथल्या कार्निव्हलचे रूप पालटले. वादिन्योचा कार्निव्हल त्याआधीचा आहे. त्यात ध्वनिवर्धकांच्या गाड्या नाहीत. गल्लीतली टोळी, तंतुवाद्ये, ढोल आणि पायांखालचा रस्ता एवढेच आहे. कथेत जुगाराचे अड्डे राजरोस चालतात. ब्राझीलमध्ये त्यांच्यावर १९४६ मध्ये बंदी आली, यावरूनही काळाचा अंदाज येतो.

कथानक पाच भागांत मांडले आहे. पहिल्यात मृत्यू आणि अंत्यविधी, दुसऱ्यात दुखवटा आणि आठवणी. फ्लोरिपेदेस ऊर्फ फ्लोर स्वयंपाकाचे वर्ग चालवते. तिची आई दोना रोझिल्दा ही मोठ्या घरात मुलगी देण्याची स्वप्ने पाहणारी कजाग बाई. वादिन्यो बड्या घरचा म्हणून तिच्यासमोर येतो आणि थाप उघडी पडेपर्यंत फ्लोर त्याची झालेली असते. सात वर्षांच्या संसारात तो रात्र-रात्र रूलेटवर घालवतो, सतरा आकड्यावर पैसे लावतो, हरतो, उसनवारी करतो आणि फ्लोरने शिकवण्यांतून साठवलेले पैसे उचलून नेतो. एकदा तिने पैसे द्यायला नकार दिल्यावर तो तिच्यावर हातही टाकतो. मात्र पहाटे घरी परतला की त्याच्याइतका प्रेमळ, खट्याळ आणि शय्येवर हरहुन्नरी पुरुष दुसरा नाही.

तिसऱ्या भागात दुखवटा सैल होतो आणि तरुण विधवेच्या देहाची तगमग सुरू होते. शेजारणी स्थळे शोधू लागतात. त्यांचे शेरे, शंका आणि सल्ले हा या कादंबरीचा अखंड चालणारा कोरसच आहे. चौथ्या भागात फ्लोर औषधांच्या दुकानाचे मालक डॉ. तेओदोरो मादुरेरा यांच्याशी लग्न करते. चाळिशीचे, नीटनेटके, हौशी वाद्यवृंदात बासून हे सुषिरवाद्य वाजवणारे गृहस्थ. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, तशी प्रणयाचीही वेळ ठरलेली: बुधवार आणि शनिवार, पैकी शनिवारी पुनरावृत्तीसह. हा तपशील विनोदासाठी असला तरी आमादो तेओदोरोंची टवाळी करून थांबत नाहीत. ते खरोखर भले आहेत, बायकोवर त्यांचे मनापासून प्रेम आहे आणि फ्लोरला ते कळतेही. लेखकाने दुसऱ्या नवऱ्याला खलनायक केला असता तर कादंबरी दोन पैशांची झाली असती.

या लग्नाला वर्ष होते त्या रात्री वादिन्यो नागडा-उघडा तिच्या पलंगावर येऊन बसतो. तो फक्त फ्लोरलाच दिसतो. मेल्याने त्याच्या सवयी बदललेल्या नाहीत: तो जुगाराच्या अड्ड्यावर जाऊन मित्रांसाठी सतरा आकडा पुन:पुन्हा आणतो, आणि अड्डेवाल्यांची झोप उडते. पतिव्रता राहू पाहणारी फ्लोर घाबरून कांदोम्ब्ले पंथाच्या उपासकांकडे जाते आणि त्याला परत धाडण्याचा विधी करवते. विधी लागू पडतो, वादिन्यो विरून जाऊ लागतो. आकाशात या पंथाच्या आफ्रिकी देवतांचे युद्ध पेटते. त्याची पाठराखण एकटा एशू करतो, चौरस्त्यांचा आणि खोड्यांचा देव. शेवटी फ्लोरच्याच हाकेने वादिन्यो वाचतो. नंतरच्या एका रविवारच्या सकाळी ती तेओदोरोंच्या हाताला धरून प्रसन्नपणे रस्त्याने चालताना दिसते, आणि दुसऱ्या बाजूला कोण आहे ते तिला एकटीलाच माहीत असते.

कार्निव्हल प्रत्यक्षात पहिल्या भागातच येऊन जातो. तरी कादंबरीची सारी घडण त्याच्याच नियमाने चालते, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. कार्निव्हलमध्ये पुरुष बाई होतो, हमाल राजा होतो, आणि बुधवारी सगळे आपापल्या जागी परत जातात. फ्लोरच्या वाट्याला विधवापण येते ते याच बुधवाराच्या रूपाने, आणि दुसरे लग्न म्हणजे लांबलेला उपवासकाळच. आमादोंनी केलेली बंडखोरी अशी की, मिरवणूक संपल्यावरही त्यांनी त्या मोकळिकीला घरात, पलंगावर, दोन जुलै चौकाशेजारच्या मध्यमवर्गीय अब्रूत कायमची जागा मिळवून दिली. दोहोंपैकी एकाची निवड करण्याची सक्तीच फ्लोर नाकारते. कॅथलिक सण आणि आफ्रिकी देवता यांना एकाच घरात नांदवणाऱ्या साल्वादोरमध्ये ही तडजोड कुणाला फारशी विचित्र वाटू नये.

स्वयंपाक हा कादंबरीचा दुसरा कणा. भागांच्या आरंभी फ्लोरच्या वर्गातील पाककृती किंवा सूचना येतात. मयताला आलेल्यांना काय द्यावे हेही तीत सांगितले आहे. मऊ कवचाच्या खेकड्यांच्या ‘मोकेका’ची कृती सांगता सांगता ती वादिन्योला हे किती आवडे या आठवणीत घसरते, आणि पाककृतीचे विलापगीत होते. मोकेकात नारळाचे दूध, कोथिंबीर, कांदा आणि आफ्रिकेतून आलेले ‘देंदे’ हे लालभडक पाम तेल असते. मालवणी किंवा गोमंतकीय वाचकाला यातील नारळ ओळखीचा वाटेल ते साहजिक आहे. नारळ, आंबा आणि फणस पोर्तुगीज जहाजांच्या मार्गांनी पूर्वेकडून ब्राझीलला गेले आणि उलट दिशेने काजू गोव्यात उतरला. ‘वातापा’ या बाईयाच्या घट्ट कालवणात हाच काजू सुक्या कोळंबीबरोबर वाटला जातो.

आमादोंच्या लेखनप्रवासात हे पुस्तक उत्तरार्धातले. त्यांची पहिली कादंबरी ‘कार्निव्हलचा देश’ (१९३१) अशाच नावाची, पण सूर निराशेचा. त्यानंतरची बरीच वर्षे ते कम्युनिस्ट पक्षाचे लेखक होते. १९४५ मध्ये ते संसदेवर निवडून आले आणि १९४६ च्या राज्यघटनेत उपासनास्वातंत्र्याचे कलम घालण्यात त्यांचा पुढाकार होता. पोलिसांचे छापे सोसणाऱ्या कांदोम्ब्ले मंदिरांना त्याचा आधार मिळाला. पक्षावर बंदी आल्यावर ते परदेशी राहिले. १९५८ च्या ‘गाब्रिएला’ या कादंबरीपासून त्यांच्या लेखनात घोषणा मागे पडून विनोद, खाणे आणि शृंगार पुढे आले. ‘दोना फ्लोर’ त्याच वळणावरची, आणि लष्कराने १९६४ मध्ये सत्ता घेतल्यानंतरची. डाव्या टीकाकारांना हे वळण पळपुटेपणाचे वाटले. स्त्रीवादी वाचनातला आक्षेप अधिक वजनदार आहे: मारहाण आणि चोरी करणाऱ्या नवऱ्याला लेखकाची माया इतकी मिळते की फ्लोरच्या गालावरची चपराक वाचक चार पानांत विसरतो. विनोदाची ही किंमत आहे आणि ती फ्लोरच मोजते. कादंबरी मोठी असली तरी या बाबतीत तिचा बचाव करता येत नाही.

ब्रुनो बारेतो यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी केलेला चित्रपट १९७६ मध्ये आला. सोनिया ब्रागा फ्लोर, जोझे विल्केर वादिन्यो आणि माउरो मेंदोन्सा तेओदोरो झाले. शीको बुआर्के यांचे गीत त्यासाठीच लिहिलेले. ब्राझीलमध्ये एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला आणि देशी चित्रपटांमधला हा विक्रम २०१० पर्यंत टिकला. अमेरिकेत याच कथेवर १९७९ मध्ये ‘साराव्हा’ ही ब्रॉडवे संगीतिका झाली. १९८२ च्या ‘किस मी गुडबाय’ या हॉलिवूडपटात सॅली फील्ड, जेम्स कान आणि जेफ ब्रिजेस होते; कथा न्यूयॉर्कला नेताना शहर, देवता आणि कार्निव्हल तिघेही गळाले, आणि उरला तो भुताचा बेताचा विनोद. ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीने १९९८ मध्ये मालिका केली आणि २०१७ मध्ये पेद्रो वास्कोन्सेलोस यांनी जुलियाना पाएस हिला घेऊन नवा चित्रपट काढला. आमादोंच्या साहित्याचे जतन करणारी संस्था पेलोरिन्योच्या चढावरील निळ्या इमारतीत १९८७ पासून आहे.