मॅलेट आडनांवाचा उगम

इ. स. १७८६ मध्यें इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यास आलेला चार्ल्स वॉर मॅलेट पेशवाईच्या अभ्यासकांस परिचितच आहे. त्याच्या आडनांवाचा अर्थ कोणी जुन्या फ्रेंच भाषेवरून 'हातोडी' असा करितात. कोणी तें संत मालो याच्या नांवाचें लघुत्वदर्शक रूप मानितात. सॉमर्सेट परगण्यांतील शेप्टन मॅलेट या गांवावरून मात्र तें आलेलें नाहीं. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहींत हें गांव नुसतें 'सेपेटोन', म्हणजे मेंढ्यांचा वाडा, असें आहे. आणि विल्यम मॅलेट तर १०६६ सालींच हेस्टिंग्सच्या लढाईंत होता. सारांश, घराण्याचें नांव गांवास मागाहून जोडलें गेलें. 'कर' प्रत्ययास सरावलेल्या संशोधकानें हा उलटा क्रम ध्यानांत ठेवावा.