दारात कोणते वाहन बांधावे?

पाडव्याच्या मुहूर्तावर दारात नवे वाहन आणण्याची चाल आता आमच्या वर्ध्याकडच्या खेड्यांतही चांगली रुजली आहे. पूर्वी दिवाळीत गोठ्यातली जनावरे धुऊन, त्यांची शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना गावातून मिरवीत. आजही मिरवतात, पण त्यांच्या शेजारी झेंडूच्या माळा ल्यालेला, तोंडावर हळदकुंकवाची बोटे उमटलेला एखादा ट्रॅक्टरही उभा असतो. गृहलक्ष्मी त्यालाही ओवाळते. घरचा कर्ता पुरुष मात्र मनात हिशेब करीत असतो. आपल्या घराला आणि आपल्या वावराला हे वाहन मोठे तर झाले नाही ना?

हा प्रश्न आजचा वाटतो खरा, पण तो फार जुना आहे. आमच्या जिल्ह्याने तर तो इतक्या वेळा आणि इतक्या परींनी सोडवून पाहिला आहे की, त्याची एक छोटीशी बखरच होईल. सणाच्या निवांत दुपारी तीच वाचकांपुढे ठेवतो.

वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला तो १८६२ साली. वर्धा शहर वसले १८६६ साली आणि लगोलग, १८६७ साली, मुंबईची आगगाडी नागपुराला पोचली. त्याआधी या मुलखातला कापूस बाहेर जाई तो बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. आमची काळी माती पावसात अशी चिकट होते की, चाक रुतले म्हणजे रुतलेच. पाठीवर गोणी घेऊन चालणारा बैल मात्र त्याच मातीतून पाय काढीत पुढे जातो. म्हणजे चाकापेक्षा पाय बरा, हा निर्णय त्या काळी मातीनेच देऊन टाकला होता. पुढे रेल्वे आली, तिच्या स्टेशनांकडे जाणाऱ्या सडका झाल्या, हिंगणघाटच्या कापसाची ख्याती देशांतरी गेली आणि मग गोण्यांची जागा बंड्यांनी घेतली.

बंडी म्हणजे ओझ्याची गाडी. शेणखत, कडबा, कापूस, घराची लाकडे, सगळे तिच्यात. पण खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरी एकच गाडी नसे. लेकीबाळींना माहेरी आणायला छताची, पडद्याची दमणी असे. आणि कर्त्या माणसाला तालुक्याला झटकन जाऊन यायचे तर हलकी रेंगी असे. दमणीत कोणी शेणखत भरले नाही आणि बंडी जुंपून कोणी व्याह्याकडे गेले नाही. कामाप्रमाणे वाहन, हा धडा त्या निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांना पाठ होता.

बैलाची निवडही तशीच. आर्वी, आष्टी, कारंजा या आमच्या उत्तरेकडच्या भागात गवळाऊ जातीची गुरे आहेत. पांढरीशुभ्र, सडपातळ, चालीला चपळ. हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीसाठी सरकारी क्षेत्रही आहे. हा बैल वाटेला वारा पिऊन धावतो. पण फार अवजड ओझे त्याच्या मानेवर कोणी देऊ नये. बाजारात बैल घेताना जाणते म्हातारे दात पाहत, खूर पाहत, अंगावरचे भोवरे पाहत आणि शेवटी त्याला चार पावले चालवून पाहत. मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे. रंगावर आणि शिंगांवर भुलून बैल घेणाऱ्याला घरी येऊन बायकोची बोलणी खावी लागत.

आता बखरीचे दुसरे पान उलटू. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले. हेच सेगाव पुढे सेवाग्राम झाले. मधला रस्ता असा की, पाहुण्यांची हाडे खिळखिळी व्हावीत. त्या काळची एक आठवण वर्ध्यात अजून सांगतात. जमनालाल बजाजांच्या घरी एक जुनी फोर्ड मोटार होती. तिला पेट्रोलऐवजी बैल जुंपले आणि या अजब गाडीचे विनोदाने नाव पडले ‘ऑक्सफर्ड’! ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड ती मोटार. विलायतेतल्या विद्यापीठाला नसेल इतके शहाणपण या नावात आहे, असे मला वाटते. मोटारीचे चाक चांगले, तिची बैठक चांगली; मग ती घ्यावी. तिचे इंधन परके, तिचा खर्च न पेलणारा. मग ते सोडावे. यंत्राकडे पाहून डोळे मिटायचे नाहीत आणि त्याच्यापुढे लोटांगणही घालायचे नाही, असा तो मधला मार्ग होता.

त्याच वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा राहत होते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांच्याकडे होता. माणूस लंडनला हिशेबनिसी आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेला. त्यामुळे बैलाची बाजू त्यांनी भावनेने मांडली नाही, जमाखर्चाने मांडली. निसर्गाचे धन दोन प्रकारचे, असे ते म्हणत. एक साठ्याचे, म्हणजे कोळसा, तेल, धातू. काढले की संपते. दुसरे प्रवाहाचे, म्हणजे झाड, गवत, जनावर. नीट राखले तर पुन्हा पुन्हा येते. आता या खातेवहीत बैल आणि ट्रॅक्टर लिहून पाहा. बैल वावरातले कुटार खातो आणि वावराला शेण देतो. ट्रॅक्टर दूरदेशीचे तेल पितो आणि मागे धूर सोडतो. पुढे कुमारप्पांनी आमच्याच जिल्ह्यात, सेलडोहला, पन्नई आश्रम काढून शेतीही केली.

विनोबा त्यांच्याही पुढे गेले. १९५० च्या सुमारास पवनारच्या परंधाम आश्रमात त्यांनी बैलही सोडला. कुदळ-फावड्याने जमीन खणायची, रहाट स्वतः फिरवून विहिरीचे पाणी काढायचे, बाजारातून पैशाने काही आणायचे नाही. या प्रयोगाला त्यांनी नाव दिले ‘ऋषिशेती’. ऋषभ म्हणजे बैल. तो वजा केला आणि ऋषी उरला! प्रयोग मोठा तेजस्वी होता. पण तो अंगावर घेणे संसारी माणसाला झेपणारे नव्हते. घरात चार लेकरे, म्हातारी आई, आणि मृगाचा पाऊस पडल्यावर पेरणीला हाती असलेले मोजके दिवस, एवढे ज्याच्यापुढे आहे त्याला कोणाचे तरी बळ उसने घ्यावेच लागते. मग ते बैलाचे असो की यंत्राचे.

आणि यंत्र तोवर येऊन ठेपलेच होते. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने ट्रॅक्टरांसाठी एक स्वतंत्र संघटना काढली. महायुद्धात उरलेली अमेरिकन यंत्रे तिच्या कामी आली. १९४९ साली जागतिक बँकेने हिंदुस्थानला शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरांचे कर्ज दिले. मध्यप्रांतात, ज्यात तेव्हा वर्धाही होते, सागर-होशंगाबादकडे लाखो एकर जमीन कांस नावाच्या गवताने गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल की, बैलाचा नांगर वरवर खरडून परत यायचा. तिथे ते अवजड ट्रॅक्टर देवासारखे धावून आले. कुमारप्पांचा जमाखर्च खरा आणि हेही खरे. ज्या कामाला बैल पुरत नाही तिथे यंत्राला नको म्हणण्यात पुण्य नाही.

इथे जरा साता समुद्रांपलीकडे जाऊन येऊ. कारण गंमत तिकडे आहे. महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर घरांच्या रांगा उठल्या आणि प्रत्येक घरापुढे हिरवळ आली. ती कापायला माणूस कोठून आणणार? तेव्हा इंटरनॅशनल हार्वेस्टर या जुन्या कंपनीने १९६० च्या सुमारास ‘कब कॅडेट’ नावाचा सात अश्वशक्तीचा चिमुकला ट्रॅक्टर काढला. रविवारी सकाळी बापाने त्यावर बसायचे, अंगणातले गवत कापायचे आणि हिवाळ्यात त्यालाच फाळ लावून दारातला बर्फ सारायचा. पाठोपाठ १९६३ साली जॉन डीअरनेही तसलाच ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने महिंद्रांबरोबर भागी करून आपल्याकडे ट्रॅक्टरांचा कारखाना काढला. त्याच्या बी-२७५ या ट्रॅक्टरची शक्ती पस्तीसच्या घरातली. अमेरिकेतल्या अंगणाला सात घोडे आणि आपल्या वावराला पस्तीस! आणखी एक विनोद असा की, तिकडे गवत कापायला ट्रॅक्टर लागतो. आपल्याकडे गवत हेच बैलाचे इंधन. ते कापायला विळा पुरतो आणि वाया काही जात नाही.

पण या लहान ट्रॅक्टरांनी एक गोष्ट सिद्ध केली, ती विसरू नये. यंत्राची योग्यता त्याच्या आकारावर नसते. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन या कल्पक माणसाने ती आधीच दाखवली होती. त्याने नांगर ट्रॅक्टरच्या मागे दोरीने ओढत नेण्याऐवजी तीन ठिकाणी पक्का जोडला, असा की नांगराचा ताण चाकांनाच जमिनीवर दाबून धरी. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही भारी ट्रॅक्टराचे काम करू लागला. आज आपल्याकडे ज्याला ‘लिफ्ट’ म्हणतात ते त्याचेच डोके. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधी इंजिनाचे घोडे मोजीत नाही. मागे कोणते अवजार लागेल आणि ते आपल्या तासांत मावेल का, हे विचारतो.

तासांत मावण्याचा हा मुद्दा आपल्याकडे फार मोलाचा. १९७०-७१ साली महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या झाल्या, धुरे वाढले, वावरे पट्ट्यापट्ट्यांची झाली. मोठा ट्रॅक्टर अशा पट्टीत शिरला की वळायलाच त्याला दोन तासांची जागा लागते. कपाशी गुडघ्याएवढी झाली की त्याला आत जाताच येत नाही. तिथे डवऱ्याला बैलच लागतो. ओल्या काळ्या मातीवर त्याचे वजन पडले तर खाली जमीन दाबून घट्ट होते. हे ओळखून अलीकडे पंधरा अश्वशक्तीच्या आसपासचे अरुंद ट्रॅक्टर निघाले आहेत. आर्वी-कारंज्याच्या संत्र्याच्या बागांत झाडांमधून ते सहज फिरतात. ओझ्याचेही तेच झाले. २००५ साली आलेल्या टाटांच्या लहान मालगाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि बंडी, दमणी, रेंगी या तिघींचे काम तिने एकटीने उचलले. सकाळी कापूस, दुपारी सिमेंट, संध्याकाळी वऱ्हाडी मंडळी!

मी मास्तर माणूस. शेतकी मला पुस्तकातून थोडी आणि पालकांकडून जास्त कळली. पालक ट्रॅक्टरची रंगीत पत्रके घेऊन माझ्याकडे येतात, कर्जाचे कागद वाचून दाखवा म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील आले होते. पाच एकर कोरडवाहू. बैलजोडी विकून मोठा ट्रॅक्टर घ्यायचा त्यांचा बेत. दुसऱ्यांची वावरे भाड्याने नांगरून हप्ता फेडू, असा हिशेब. मी कागद वाचून दाखवले. बरोबर त्या मुलाची आई होती. ती इतका वेळ दाराशी उभी होती. तिने एकच विचारले, ‘‘गुरुजी, बैल रिकामा असला तर कुटार खातो. हा रिकामा असला तर काय खाते?’’

मी म्हणालो, ‘‘हप्ता खातो, बाई.’’

या एका प्रश्नात सगळी बखर आली. २००६ साली पंतप्रधान वर्ध्याजवळच्या वायफडला येऊन गेले आणि विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली, ती का करावी लागली हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे कर्ज हा शब्द हलक्या जिभेने कोणी उच्चारीत नाही. ज्या गावात एक ट्रॅक्टर आहे तिथे भाडे मिळते; दहा झाले की दहाही दारात उभे राहतात आणि हप्ता मात्र कोणाचाच उभा राहत नाही. तो चालतच असतो.

म्हणून कोणी विचारले तर मी चार गोष्टी सांगतो. वर्षाचे किती दिवस त्याला काम आहे, ते बोटांवर मोजा. आपल्या तासांत ते मावते का, ते वावरात चालवून पाहा, दुकानात नव्हे. बिघडले तर दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर आहे का, पाहा. आणि रिकाम्या दिवसांत ते काय खाईल, हे घरातल्या बाईला विचारा. तिचा हिशेब चुकत नाही.

आणि पाचवी गोष्ट आपल्या वाडवडिलांची. एकट्याला जोडी पेलत नसली तर दोन घरे एकेक बैल ठेवीत आणि पाळीपाळीने दोघांची वावरे वाहीत. याला सावड म्हणत. आता गावोगाव शेतकऱ्यांचे गट मिळून अवजारांची बँक काढतात, ती याच सावडीची नात. जे वाहन वर्षातून वीस दिवस लागते, ते आपल्याच दारात बांधले पाहिजे असे थोडेच आहे?

त्या बाईने ट्रॅक्टर घेऊ दिला नाही. उन्हाळ्याची नांगरणी त्या घरी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. वखरणी आणि डवरणी अजून बैलांनी होते. गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाने शेजारच्या तिघांबरोबर भागीत एक लहान ट्रॅक्टर घेतला. तो चार दारांत पाळीपाळीने उभा असतो आणि त्याला रिकामे दिवस फारसे उरत नाहीत.