चिन्नोरचा वास कोणत्या मापाने मोजायचा?



आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही आधारभूत धान खरेदी केंद्रावर जा, तिथे धानाला दोनच नावं आहेत: साधारण आणि अ दर्जा. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा भाव क्विंटलला २३०० रुपये होता, अ दर्जाचा २३२०. फरक २० रुपयांचा. दाण्याची लांबी रुंदीच्या अडीच पट किंवा जास्त भरली की धान अ दर्जाचं. मग ओलावा बघतात, १७ टक्क्यांपर्यंत चालतो. माती-कचरा बघतात. वास मात्र कोणी घेत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या दोन नावांबद्दल, आणि त्याआधी आपल्या झाडीपट्टीत जी कितीतरी नावं होती त्यांच्याबद्दल.

लुचई, हिरानक्की, चिन्नोर. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, ती आणखी सांगेल. हलकं धान वरच्या बांधीत, भारी धान खोलगट बांधीत. एक रोजच्या भाताला, एक पोह्या-मुरमुऱ्याला, एक पाहुणा आला की. पुढच्या साली कोणतं लावायचं ते घरातच ठरायचं, कारण बियाणं घरातच असायचं. चांगल्या लोंब्या निवडून, वाळवून, कीड लागू नये म्हणून राख-कडुनिंब घालून ठेवणं हे बहुतेक घरांत बायांचं काम होतं. त्याची मजुरी नव्हती, पण त्यात बाईचा शब्द चालत होता.

जुनं ते सगळं चांगलं, असं आम्ही म्हणणार नाही. पायली, कुडो, खंडी ही आपली मापं. वीस कुडवांची खंडी, हे ठीक. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळेलच असं नव्हतं, आणि सावकाराची घ्यायची पायली वेगळी, द्यायची वेगळी, हे गाऱ्हाणं तुमच्या आजीनेही सांगितलं असेल. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि किलो आला. सगळ्यांना एकच माप मिळालं, त्यात गरिबाचं भलंच झालं.

धानाची गोष्ट थोडी वेगळी. १९६५ आणि ६६ या दोन्ही सालांत देशात पावसाने दगा दिला. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसायची वेळ आली. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हे धान दिलं. एक आईबाप इंडोनेशियाचा, एक तैवानचा. बुटकं, खत दिलं तरी न लोळणारं, भरघोस पिकणारं. तेच बी भारतात, व्हिएतनाममध्ये, इतर कितीतरी देशांत पेरलं गेलं. पोटं भरली, हे विसरून चालणार नाही. पण तेव्हापासून बियाणं दुकानातून यायला लागलं, आणि घरातला बियाण्याचा कणगा हळूहळू रिकामा झाला.

चिन्नोर या शर्यतीत बसणारं धान नव्हतं. उंच वाढतं, वाऱ्याने लोळतं, पाच महिन्यांच्या आसपास शेतात राहतं आणि उतारा कमी देतं. त्याच्याकडे आहे तो वास आणि मऊ भात. केंद्रावरच्या काट्याला त्याचं काय?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर यांनी १९९३ साली एक पुस्तक लिहिलं. मॅकडोनाल्ड्स ही खानावळींची साखळी जशी चालते तसा सगळा समाजच चालू लागला आहे, असं त्यांचं म्हणणं. काम झटपट व्हावं, सगळं मोजता यावं, कुठेही गेलं तरी तेच मिळावं, आणि माणसाच्या हातापेक्षा यंत्राचा आणि नियमाचा ताबा असावा. आपल्या मोठ्या गिरण्या आणि एकसारखा पांढराशुभ्र, पॉलिश केलेला तांदूळ बघितला की त्यांचं म्हणणं पटतं. एक मात्र त्यात जोडायला हवं. जे मोजता येत नाही त्याला भाव मिळत नाही, आणि ज्याला भाव नाही ते पुढच्या साली कोणी लावत नाही.

बाजार नावंही स्वतःची देतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे थोड्याशा जमिनीचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं निवडून नवं बियाणं तयार केलं. व्यापाऱ्याला विकायला नाव हवं होतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून धानालाही एचएमटी नाव पडलं. आज हा तांदूळ कुठे कुठे विकला जातो, पण बियाण्याची रॉयल्टी दादाजींना कधी मिळाली नाही. २०१८ साली ते वारले.

१९९७ मध्ये तर टेक्सासच्या राइसटेक कंपनीला बासमतीसारख्या तांदळावर अमेरिकेत पेटंट मिळालं. भारताने हरकत घेतली आणि त्यातले बरेचसे दावे रद्द झाले. १९९९ साली आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला: ज्या मुलखाचा माल, त्याच मुलखाला नावाचा हक्क. या कायद्याखाली आता भंडारा चिन्नोरला मानांकन आहे. बालाघाटच्या चिन्नोरला ते २०२१ साली मिळालं. गंमत बघा, बालाघाट जिल्हाच मुळी १८६७ नंतर भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग काढून केलेला. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, ते मध्य प्रदेशात राहिले. वैनगंगेकाठचं एक धान, आणि आता त्याच्यावर दोन शिक्के.

मानांकन हेही एक प्रमाणच आहे, मोजमाप आणि कागद त्यातही आहेत. पण इथे वासाला जागा आहे. अडचण पुढची. ते नाव पिशवीवर लावायचं तर पिकवणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. आणि सातबाऱ्यावर तर बहुतेक घरांत पुरुषाचंच नाव. रोवणी, निंदण, कापणी करणाऱ्या बाईचं नाव या नोंदीत कुठे येणार, हे आत्ताच विचारायला हवं.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी लिहून घ्या. गावात अजून घरचं चिन्नोर कोण लावतं, किती बांधीत, आणि त्याचं बियाणं कोणाच्या हातात आहे. दुसरं, साठीच्या पुढच्या बायांना धानाची कोणती नावं आठवतात. कागद आमच्याकडे पोहोचवा. ती नावं आम्ही गावासकट रेडिओवर वाचून दाखवू.