चमचा सुनेचा

माझं लग्न 1974 सालचं. दोन वर्षं उलटली तरी काही नाही म्हटल्यावर रोज सकाळी माझ्यापुढे मधाचा चमचा यायला लागला. सासूबाई फडताळातून बाटली काढायच्या, माझ्या हातावर चमचा टेकवायच्या आणि म्हणायच्या, "घे गं, कूस उजवेल." मध माझ्याच माहेरचा. महाबळेश्वरच्या उतरणीवर माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, सातेरी माश्यांच्या बारा पेट्या होत्या. जांभूळ, हिरडा, गेळा फुलला की त्यांची लगबग सुरू. जांभळाचा मध जिभेवर किंचित कडसर उतरतो. तो कडवटपणा मी तीन वर्षं रोज गिळला.

तात्यांच्या वडिलांकडे पेट्या नव्हत्या. ढोलीतल्या मोहोळाला धूर द्यायचा, पोळं कापायचं आणि फडक्यात घालून पिळायचं. त्यात अळ्या, पराग, मेण, सगळंच यायचं. मध गढूळ निघायचा आणि लवकर आंबायचा. पेटी आली तशी पोळी चौकटीत बसली, यंत्रात गरागरा फिरवली की मध बाहेर आणि पोळं शाबूत. मुलाबाळांसाठी मध खायचा ही समजूत मात्र फडक्यातून पेटीत जशीच्या तशी आली.

निवृत्तीनंतर वाईत वाचायला वेळ मिळाला, तेव्हा चरकसंहिता उघडली. चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय वाजीकरणाचा, म्हणजे कामशक्ती आणि संततीच्या उपायांचा, चार पादांचा. उडीद, दूध, तूप, साखर, चिमणीची अंडी आणि अधूनमधून मध. मी वाचत गेले आणि मला हसू यायला लागलं. हे सगळं पुरुषासाठी! बाईच्या व्याधींचा अध्याय पार पुढे, तिसावा, आणि त्यातही शुक्रदोषाची चिकित्सा आहेच. मध तर बहुतेक ठिकाणी सोबत्यासारखा येतो. त्याला योगवाही म्हणतात, म्हणजे ज्या औषधात मिसळाल त्याचा गुण तो वाहून नेतो. लग्नातला मधुपर्कही वधूपिता देतो तो नवऱ्या मुलालाच. दही, तूप, मध सगळं त्याच्या ओंजळीत, आणि चमचा मात्र सुनेच्या तोंडात. ह्यांना एकदाही कोणी तो चमचा दिला नाही.

मागच्या दिवाळीत भाची पुण्याहून आली, ती पर्समध्ये रॉयल जेलीच्या कॅप्सूलची बाटली घेऊन. वर छापलेलं, हजारो वर्षांची परंपरा. भाची शिकलेली, पण लग्नाला पाच वर्षं झाली की शिक्षण जरा बाजूला सरतं, हे मला कोण सांगणार!

रॉयल जेली म्हणजे राजान्न. कामकरी माश्या आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून ते पाझरवतात. पहिले तीनेक दिवस सगळ्याच अळ्यांना मिळतं, पुढे फक्त होणाऱ्या राणीला. तात्यांनी एकदा पोळ्याच्या कडेला लोंबणारं राणीचं घर मला उघडून दाखवलं होतं. शेंगदाण्याच्या टरफलासारखं, आत पांढरट दाट खळ. काडेपेटीच्या काडीवर घेऊन मी चाटलं. आंबट, आणि जीभ चुरचुरली. एका घरात जेमतेम पाव ग्रॅम. आपल्या जुन्या वैद्यकानं ते वेगळं काढून कधी कोणाला दिल्याचं माझ्या वाचनात नाही. त्याचा गाजावाजा पार अलीकडचा, 1954 मध्ये आजारी पोप बारावे पायस यांना ते दिलं गेलं त्यानंतरचा.

राजान्न खाल्लं की मूल होतं, या समजुतीमागचं तर्कशास्त्र साधं आहे. राणी ते खाते, राणी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते, म्हणून आपणही खावं. कामकरी आणि राणी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात, फरक पडतो तो आहारानं, हे खरं. पण माशी घडते ती अळीपणीच. वाढ झालेल्या बाईच्या पोटात गेलं की ते पचतं. त्यानं मूल राहतं याचा भरवशाचा पुरावा नाही. उलट दमा किंवा ॲलर्जी असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं. भाचीला दमा आहे.

नुसत्या राजान्नानं राणीचंही भागत नाही. जिनिव्हाचा मधमाश्यांचा अभ्यासक फ्रांस्वा ह्युबर आंधळा होता. आपला नोकर ब्यूर्नां याच्या डोळ्यांनी त्यानं पोळी बघितली आणि 1792 मध्ये ग्रंथ छापला. राणीचं मीलन पोळ्याबाहेर होतं हे त्यानं दाखवलं. आणखी एक गोष्ट त्याला दिसली. राणीचं मीलन लांबलं, तर ती अंडी घालते, पण त्यांतून सगळे नरच निघतात. एकही कामकरी नाही, म्हणजे पोळं संपलं. राजान्न पोटभर खाऊनही! तात्यांनी ह्युबर वाचला नव्हता, पण अशा पेटीला ते 'नराची पेटी' म्हणत आणि राणी बदलत.

आमचं सांगायचं तर, 1979 च्या सुरुवातीला पुण्याच्या एका डॉक्टरांनी आधी ह्यांना तपासलं. दोष निघाला, छोटी शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी मुलगी झाली. श्रेय अर्थात मधाला. बारशाच्या दिवशी सासूबाईंनी अंगठी मधात बुडवून तिच्या जिभेवर टेकवली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्याला बॉट्युलिझम होऊ शकतो, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं आणि पोटात गोळा आला.

भाची बाटलीचं झाकण उघडत होती. मी विचारलं, "जावईबापूंची तपासणी झाली का गं?"

"मावशी, त्यांच्यात काही नसणार," ती म्हणाली. "डबल शिफ्ट करतात ते."

मी फडताळातून सासूबाईंचा तोच चमचा काढला, जांभळाचा मध भरला आणि बाहेर पेपर वाचत बसलेल्या जावईबापूंपुढे नेऊन धरला.