चार पाकळ्यांची चौकट

शाळेच्या इतिहासात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, तेथील ग्रीक पंडित ग्रंथांची गाठोडी पाठीशी मारून इटलीत पळाले, आणि युरोपात विद्येचे व कलेचे पुनरुज्जीवन झाले. वाक्य सुटसुटीत आहे. मुलांना पाठ होते, परीक्षकाला तपासायला सोपे जाते. परंतु फळ्यावर हा आकडा लिहिताना मला हटकून एका दाराची आठवण होते. फ्लॉरेन्स नगरीच्या बाप्तिस्मागृहाचे ते पूर्वेकडचे दार. सोन्याचा मुलामा दिलेले, ब्राँझचे, दहा मोठ्या चित्रांचे. नव्या कलेचा तो कळस मानला जातो. ते दार पुरे झाले १४५२ साली, कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या आदल्या वर्षी, आणि त्याला सत्तावीस वर्षे लागली. मग त्या गाठोड्यांची वाट कोणी पाहिली?

फ्लॉरेन्स मी पाहिलेले नाही. मास्तराचा इटलीशी संबंध येतो तो चित्रांच्या पुस्तकांतून. पण त्या पुस्तकांत वर्षानुवर्षे डोकावल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली, आणि तीच येथे सांगायची आहे. जुने युग संपून नवे सुरू झाले असे आपण म्हणतो, तेव्हा ते नवे युग बहुधा जुन्याच कारखान्यात, जुन्याच हत्यारांनी, जुन्या उस्तादांच्या शागिर्दांनी घडवलेले असते.

आधी नावाचा उलगडा करू. ज्याला आपण गॉथिक म्हणतो ती बांधणी फ्रान्समध्ये जन्मली. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या मठात सुजेर नावाच्या मठाधिपतीने देवळाचा गाभाऱ्याकडचा भाग नव्याने बांधला व ११४४ साली त्याचा अभिषेक झाला. टोकदार कमानी, छताचा भार पेलणाऱ्या दगडी फासळ्या, आणि पुढे पुढे भिंतीला बाहेरून हात दिल्यासारखे टेकू. भार असा वाटून दिल्यामुळे भिंत मोकळी झाली आणि तिच्या जागी रंगीत काचा आल्या. दगडाच्या इमारतीत उजेड हाच मुख्य मजकूर झाला. मध्ययुगात या कामाला ‘फ्रेंच काम’ म्हटल्याचे आढळते. त्यात गॉथ कोठेच नव्हते. रोम लुटणाऱ्या त्या टोळ्या इतिहासातून नाहीशा होऊन शतके लोटली होती. पण जॉर्जो वासारी या चित्रकाराने १५५० साली कलावंतांची चरित्रे छापली, त्यांत या बांधणीला ‘जर्मन पद्धत’ म्हणून हिणवले आणि तिचे खापर गॉथांच्या माथी फोडले. आपल्या काळाच्या कलेला त्यानेच ‘पुनर्जन्म’ म्हटले. तेव्हा गॉथिक ही मुळात शिवी होय. आणि ती दिली ती जिंकलेल्या पक्षाने.

आता त्या दाराकडे वळू. बाप्तिस्मागृहाचे एक दार आंद्रेआ पिसानो याने १३३०च्या दशकातच केले होते. त्यात २८ लहान चित्रे आहेत, आणि प्रत्येक चित्राभोवती चार पाकळ्यांची चौकट. ही चौकट अस्सल गॉथिक. १४०१ साली कापडाच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे कालिमाला नावाच्या संघाने, दुसऱ्या दारासाठी स्पर्धा जाहीर केली. काळ बरा नव्हता. आदल्याच वर्षी शहरात प्लेग होऊन गेला होता, आणि मिलानचा सरदार एकेक गाव गिळत फ्लॉरेन्सभोवती फास आवळीत होता. अशा वेळी त्या व्यापाऱ्यांनी देवाच्या दारासाठी पैसा काढला. स्पर्धकांना विषय दिला अब्राहामाने पुत्राचा बळी देण्याचा प्रसंग. धातू दिला, मुदत दिली, आणि चौकट दिली तीच, चार पाकळ्यांची.

सात जण उतरले. शेवटी नजरेत भरले दोघे, लोरेंझो गिबेर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की. दोघेही पंचविशीच्या आतले, दोघेही सोनारकाम शिकलेले. दोघांचे ते तुकडे आजही फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहेत. ब्रुनेलेस्कीचा अब्राहाम मुलाची मान धरून सुरी चालवतो आहे आणि देवदूत त्याचे मनगटच पकडतो. सारे कसे खडबडीत, धसमुसळे, जीव घेणारे. गिबेर्तीच्या अब्राहामाचा सारा देह धनुष्यासारखा वाकलेला, वस्त्राच्या चुण्या लाटेसारख्या वाहणाऱ्या. हा वाक, ही लाट गॉथिकच. पण त्या लाटेपुढे गुडघे टेकून बसलेला मुलगा पाहावा. त्याचे उघडे शरीर थेट प्राचीन रोमच्या संगमरवरी मूर्तींच्या कुळातले. ब्रुनेलेस्कीनेही आपल्या चित्राच्या कोपऱ्यात एक नोकर बसवला आहे. तळपायातला काटा काढणाऱ्या मुलाच्या प्राचीन मूर्तीवरून तो घेतलेला आहे. म्हणजे दोन्ही तुकड्यांत जुने आणि नवे एकाच मुशीत वितळले आहे. कोणता गॉथिक आणि कोणता प्रबोधनयुगाचा, हे ठरवू पाहणाऱ्याची फजिती व्हावी.

काम गिबेर्तीला मिळाले. निकालाच्या हकिकतीही दोन आहेत. गिबेर्ती आपल्या आठवणींत लिहितो की सर्वांनी एकमुखाने मलाच निवडले. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार सांगतो की काम दोघांत वाटून द्यायचे ठरले होते आणि ब्रुनेलेस्कीनेच भागी नाकारली. खरे काय ते असो; व्यवहाराची एक बाजू मात्र स्वच्छ आहे. गिबेर्तीने आपले चित्र जवळजवळ एकसंध ओतले होते, ब्रुनेलेस्कीने तुकडे वेगळे ओतून पत्र्यावर जडवले होते. साहजिकच गिबेर्तीला धातू पुष्कळ कमी लागला. कापडाच्या व्यापाऱ्यांना हे हिशेबात दिसले नसेल असे मला वाटत नाही.

१४०३ ते १४२४ अशी एकवीस वर्षे गिबेर्ती त्या दारावर खपला. २८ चित्रे, २८ चौकटी. लगेच १४२५मध्ये तिसऱ्या दाराचे काम त्यालाच मिळाले. लिओनार्दो ब्रुनी या विद्वानाने त्यासाठी जो आराखडा करून दिला तो पुन्हा २८ चित्रांचाच होता. ध्यानात घ्यावे की ब्रुनी हा ग्रीक जाणणारा, नव्या विद्येचा अग्रणी. नवी चौकट त्याला सुचली नाही. अखेर दार झाले ते दहा चौरस चित्रांचे. पाकळ्या गळून पडल्या, आणि त्या चौरसांत कमानींमागे कमानी, माणसांमागे माणसे दूर दूर जाताना दिसू लागली.

ही दुरी कोठून आली? हरलेल्या ब्रुनेलेस्कीकडून. त्याने एका फळीवर याच बाप्तिस्मागृहाचे चित्र काढले, फळीला भोक पाडले, आणि पाहणाऱ्याने मागून त्या भोकातून डोळा लावून समोरच्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहावे अशी योजना केली. चित्र आणि इमारत तंतोतंत जुळत. ती फळी आज नाही, पण चित्रातील यथादर्शनाचे गणित तेथून सुरू झाले. यातली खरी मौज पुढेच आहे. ज्या बाप्तिस्मागृहाला फ्लॉरेन्सचे लोक प्राचीन रोमनांचे मंगळदेवतेचे देऊळ समजत आणि ज्याच्या गोल कमानी ‘प्राचीन’ म्हणून गिरवीत, ती इमारत वस्तुतः अकराव्या-बाराव्या शतकातली, ख्रिस्ती, मध्ययुगीनच होती. प्राचीनांचे पुनरुज्जीवन करायला निघालेली ही मंडळी बऱ्याच अंशी आपल्याच पणजोबांची नक्कल करीत होती!

ब्रुनेलेस्कीचे मोठे काम म्हणजे समोरच्या महामंदिराचा घुमट. सुमारे ४५ मीटर रुंदीचे अष्टकोनी भगदाड पिढीभर उघडे पडले होते. खालून लाकडाचा साचा उभारायचा तर तेवढे लाकूड आणायचे कोठून? १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत त्याने साच्यावाचून घुमट चढवला. घुमटात घुमट, असे दोन पदर. विटा तिरप्या जाळीत अशा बसवलेल्या की थर सुकेपर्यंत त्या एकमेकींना धरून राहाव्यात. याला नव्या युगाचा पहिला मोठा घुमट म्हणतात. परंतु त्याचा आकार पाहा. तो रोमच्या पँथिऑनसारखा अर्धगोल नाही. तो टोकदार आहे, त्याला फासळ्या आहेत, आणि त्याचा आकार १३६७ सालीच, जुन्या कारागिरांनी, ठरवून ठेवलेला होता.

चित्रकलेतही हेच. १४२३ साली जेंतिले दा फाब्रियानो याने पाल्ला स्त्रोत्सी या धनिकासाठी वेदीवरचे चित्र केले: पूर्वेकडचे राजे बाळ येशूच्या दर्शनाला आले आहेत, सोन्याचा वर्ख, जरीची वस्त्रे, घोडे, माकडे, कमानींची महिरप. दरबारी गॉथिकचे याहून श्रीमंत रूप मिळणार नाही. आणि हाच स्त्रोत्सी कोण? १३९७ साली ग्रीक भाषा शिकवण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलहून क्रिसोलोरास या पंडिताला फ्लॉरेन्सला आणवण्यात ज्याचा पुढाकार होता, तोच. ग्रीकचा चाहता घरच्या देवासाठी गॉथिक चित्र मागवतो आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही. त्याच चित्राखालच्या अरुंद पट्टीत जेंतिलेने सूर्य, सावल्या आणि रात्र अशी रंगवली आहे की नव्यांनी गुरू मानावे.

त्याच दशकात ब्रांकाच्ची कुटुंबाच्या प्रार्थनागृहात एकाच परांचीवर दोन चित्रकार काम करीत होते. मासोलिनोचे आदम आणि ईव्ह हवेत तरंगल्यासारखे नाजूक उभे आहेत. समोरच्या खांबावर मासाच्चोने त्यांनाच स्वर्गातून हाकलले आहे: आदमने तोंड झाकले आहे, ईव्हचे तोंड हंबरड्याने उघडे पडले आहे, आणि पाय जमिनीवर खरोखर पडताहेत. दोन युगांच्या मधले अंतर किती, तर एका लहान खोलीच्या रुंदीएवढे. मासाच्चो १४२८मध्ये वारला, वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी. १४५३ला पंचवीस वर्षे बाकी होती. त्याच्या ‘त्रिमूर्ती’ या भित्तिचित्रात भिंतीला भगदाड पडून आत खोल दालन असावे असा भास होतो. ती भिंत आहे सांता मारिया नोव्हेल्ला या गॉथिक मंदिराची. काचांसाठी भिंती उडवून द्यायची फ्रेंच रीत इटालियनांनी पुरती उचलली नाही, म्हणूनच चित्रकाराला भिंत उरली. आणि दैवाची गंमत अशी की या चित्राची स्तुती करणाऱ्या वासारीनेच पुढे १५७०च्या सुमारास त्याच्यापुढे नवी वेदी उभारून ते झाकून टाकले; ते पुन्हा दिसले १८६०च्या सुमारास.

१४५३नंतर आलेल्या ग्रीक पंडितांचे ऋण नाकारायचे कारण नाही. त्यांच्या ग्रंथांनी विद्या वाढली. पण छिन्नी, मूस आणि थापी यांची भाषा ग्रंथातून येत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि हात बदलतात तसा तिचा उच्चार बदलतो. वासारीच्या शिवीचेही तसेच झाले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ‘गॉथिक’ हा शब्द मानाने मिरवला आणि मुंबईत बोरीबंदरला १८८७ साली त्या धाटणीचे स्टेशन उभे राहिले. त्याच्या कोरीवकामावर आपल्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे हात फिरले. त्या टोकदार कमानींवर फासळ्यांचा घुमटही आहे, आणि कोणाला त्यात भांडण दिसत नाही.

गिबेर्तीने आपल्या दोन्ही दारांवर स्वतःचे छोटे मस्तक बसवले आहे. पहिल्यावर डोक्याला फेटा गुंडाळलेला, दुसऱ्यावर टक्कल पडलेला, ओठांत किंचित हसू असलेला म्हातारा. मधल्या काळात एक युग संपून दुसरे सुरू झाले असे आपण शिकवतो. त्याला विचारले असते तर तो बहुधा म्हणाला असता की मी आपला दारे करीत होतो.