मूस आणि मोहर : कडेगावच्या गलाईपासून साताऱ्याच्या वाघनखांपर्यंत

#थ्रेड

कडेगावचे नाव निघाले की बहुतेकांना मोहरमचे गगनचुंबी ताबूत आठवतात. परंतु कडेगाव, विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्याची आणखी एक ओळख आहे. अमृतसरपासून केरळपर्यंत, सराफ बाजार जिथे असेल तिथे सोन्याचांदीची गलाई करणारा माणूस बहुधा याच भागातला निघतो. पावसाने पाठ फिरवलेल्या गावांतून बाहेर पडलेल्या या लोकांनी देशभर भट्ट्या मांडल्या. जुना दागिना किंवा मोडीचे भांडे मुशीत आटवायचे, हिणकस बाजूला काढायचे आणि शुद्ध धातूची लगड मालकाच्या हाती द्यायची, हा त्यांचा व्यवसाय.

प्राचीन वस्तूंच्या संग्रहाचा इतिहास सहसा राजवाड्यातून किंवा लंडनच्या लिलावगृहातून सांगितला जातो. या वेळी तो मुशीपासून सुरू करू. एखादी वस्तू 'पुरावस्तू' ठरणार की लगड, याचा निर्णय पुष्कळदा तिथेच होत आला आहे.

समजा, एखाद्या जुन्या घराण्यातली इंग्रजी चांदीची चहादाणी विकायला आली आहे. वजन २० ट्रॉय औंस, म्हणजे साधारण ६२२ ग्रॅम. इंग्रजी 'स्टर्लिंग' चांदीचा टंच ९२.५. म्हणजे गलाईवाल्याच्या हिशेबाने आत सुमारे ५७५ ग्रॅम शुद्ध चांदी, बाकी तांबे. मुठीजवळ हस्तिदंताच्या चकत्या असतील तर त्या वजनातून वजा. मेणबत्तीचे घर असेल तर तो अधिकच सावध होतो, कारण असे घर उभे राहावे म्हणून त्याच्या बैठकीत राळ किंवा तत्सम भरताड भरलेले असते. हा हिशेब चुकीचा नाही. त्या हिशेबात कालखंडाला मात्र जागा नाही, एवढेच.

संग्राहक तीच चहादाणी उलटी करतो आणि भिंगातून तळ पाहतो. तिथे तांदळाच्या दाण्याएवढे चार-पाच ठसे ओळीने उमटवलेले असतात. एकात कारागिराच्या नावाची आद्याक्षरे. एकात पाऊल उचललेला सिंह, म्हणजे चांदी स्टर्लिंग असल्याची ग्वाही. हा सिंह १५४४ पासून उमटतो आहे. एकात शहराची खूण : बिबट्याचे मुख म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे जुने शेफील्ड. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन शहरांना स्वतःची तपासणी कचेरी १७७३ मध्ये मिळाली. नांगर आणि मुकुट या खुणा लंडनच्या ज्या खाणावळीत त्यासाठी खटपट झाली तिच्या नावावरून घेतल्या, अशी कथा आवडीने सांगितली जाते. समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमला नांगर का, या प्रश्नाचे तेच एक गमतीदार उत्तर आहे.

चौथा ठसा सर्वांत उपयोगाचा. तो एक अक्षर असतो आणि दरवर्षी बदलतो. एक वर्णमाला संपली की पुढची वेगळ्या वळणाची किंवा वेगळ्या चौकटीत. त्यामुळे केवळ अक्षर ओळखून भागत नाही. त्याचे वळण, चौकट आणि शहर जुळले की वस्तूची तपासणी कोणत्या वर्षी झाली ते कळते. १७८४ ते १८९० या काळात राजा किंवा राणीचे मस्तकही उमटवीत, कारण चांदीवर कर होता आणि तो भरल्याची ती पावती होती. तळाशी व्हिक्टोरिया राणीचे मस्तक दिसले की भांडे १८९० नंतरचे नाही, हे कोणतेही पुस्तक न उघडता सांगता येते.

हा सारा खटाटोप संग्राहकांसाठी झालेला नव्हता. १३०० साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने चांदीच्या कसावर कायदा केला तो ग्राहकाची फसवणूक आणि नाण्यांची नासाडी थांबावी म्हणून. नाणे आटवून भांडे करणे सोपे होते. पुढे १६९७ मध्ये हा प्रकार इतका बळावला की भांड्यांच्या चांदीचा कस नाण्याहून वर, सुमारे ९५.८ टक्क्यांवर नेण्यात आला आणि १७२० पर्यंत तो सक्तीचा राहिला. म्हणजे या ठशांच्या जन्मामागेही मूसच आहे.

हिंदुस्थानात अशी सरकारी ठशांची सक्ती नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ऑर या पेढ्यांनी साहेबलोकांसाठी उत्तम चांदीकाम केले आणि त्यावर आपापल्या खुणा उमटवल्या. त्यातल्या काही खुणा इंग्रजी ठशांची आठवण करून देतात. नवखा संग्राहक तिथे हमखास फसतो. दुसरा सापळा मुलाम्याचा. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर 'चांदी' अवतरली. तळाशी 'ई.पी.एन.एस.' अशी अक्षरे असतील तर ते निकेलमिश्रित धातूवरचे पातळ पांघरूण समजावे. येथे संग्राहकाच्या भिंगापेक्षा गलाईवाल्याची कसोटी अधिक जलद उत्तर देते. एक कानस, तेजाबाचा एक थेंब, की निकाल लागला.

जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदीचा भाव औंसाला सुमारे ५० डॉलरपर्यंत चढला. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत लोक आजीच्या चहादाण्या, ताटे, चमचे घेऊन आटणीला रांगा लावून उभे राहिले. धातूची किंमत कलाकुसरीच्या किमतीला ओलांडून गेली की संग्रहाचे तर्कशास्त्र कोसळते. भारतात तर चांदी मुळात साठवण म्हणूनच घरात येते. अडचणीला मोडता येते, म्हणून ती घेतात. दुष्काळात चांदीचे वाळे मोडून चारा आणणाऱ्या घराला 'तुम्ही वारसा नष्ट केला' असे सुनावण्याचा अधिकार कोणत्याही संग्रहालयाला नाही.

आता चिनी मातीची भांडी पाहा. यांच्याबाबत गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांना मोड नाही, म्हणून ती मुशीतून वाचतात. फुटली तरच जातात. राज्यारोहण, ज्युबिली, विजय अशा प्रसंगी राजाराणीचे चित्र छापलेले कप आणि बश्या काढण्याची ब्रिटिश प्रथा व्हिक्टोरियाच्या १८८७ आणि १८९७ च्या ज्युबिलींमध्ये शिगेला पोहोचली. कागदावरचे चित्र मातीवर उतरवण्याची छपाईची युक्ती आधीच सापडली होती, त्यामुळे माल स्वस्त आणि अफाट. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्तानेही कप, पदके, डबे निघाले.

यातला सर्वांत प्रसिद्ध कप एका न घडलेल्या घटनेचा आहे. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ रोजी ठरला होता. कुंभारांनी तारीख छापून माल भट्टीतून काढला. ११ डिसेंबर १९३६ रोजी त्याचे राज्यत्यागपत्र अमलात आले आणि ठरलेल्या तारखेला त्याच्या भावाचा अभिषेक झाला. 'न झालेल्या राज्याभिषेकाचा कप म्हणजे दुर्मीळ ठेवा' असे सांगून विक्रेते आजही तो खपवतात. प्रत्यक्षात तो विपुल आहे. माल तयार होता, तो विकला गेला, आणि लोकांनी गंमत म्हणून जपून ठेवला.

कडेगावच्या उत्तरेला, खटाव तालुक्यात, औंध आहे. तेथील संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय हे या परिसरातले संग्रहाचे सर्वांत मोठे उदाहरण. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या 'माता आणि बालक' या शिल्पापर्यंत वस्तू जमवल्या. रयतेला स्वराज्याची राज्यघटना देणारा संस्थानिक आपला संग्रहही डोंगरावर बांधलेल्या इमारतीत लोकांसमोर मांडतो, ही गोष्ट सुसंगतच म्हणावी लागेल. पुण्याच्या दिनकर केळकरांचा, म्हणजेच कवी 'अज्ञातवासीं'चा मार्ग वेगळा. त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू उचलल्या. अशी पितळ-तांब्याची भांडी मोडीच्या भावात जाण्याचा तो काळ होता.

चांदीला मुशीचे भय, तसे तलवारीला कायद्याचे. कडेगावचा मुलूख तेव्हा खानापूर तालुक्यात आणि सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ चा, आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्यात गेंडामाळावर १७ जणांना देहदंड दिला गेला. त्यानंतर देशभर निःशस्त्रीकरणाचे कायदे आले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवारही परवान्याखाली आणली. युरोपियनांना मात्र त्यात सवलत होती. पिढीजात तलवार घरात ठेवणे हिंदी माणसाला जोखमीचे आणि तीच तलवार 'स्मृतिचिन्ह' म्हणून भिंतीवर टांगणे साहेबाला मोकळे! ब्रिटनमधल्या इतक्या घरांत मराठी शस्त्रे का सापडतात, याच्या उत्तराचा एक भाग या कायद्यात आहे.

परंतु 'मराठी तलवार' आणि 'विलायती तलवार' अशी सरळ वाटणी करता येत नाही. युरोपात घडलेल्या सरळ, लांब पात्याला इथली मूठ बसवली की ती 'फिरंग'. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावात आलेली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवलेली नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार अशीच आहे. पाते युरोपीय, मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे कोफ्तगरी काम, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा यांचे नाव. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती लुटीत गेली असावी, असा कयास आहे. कयासच, कारण त्या प्रवासाची पावती कोणी ठेवलेली नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला. इंग्रज घोडदळातला अधिकारी लुई नोलन याने १८५३ च्या आपल्या पुस्तकात निजामाच्या स्वारांची हकिकत दिली आहे. त्यांच्या तलवारींच्या जखमा पाहून तो चकित झाला. चौकशी केली तर पाती ब्रिटिश फौजेने टाकून दिलेली जुनी निघाली! स्वारांनी त्यांना वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. ब्रिटिश म्यान पोलादी. काढता-घालता धार त्यावर घासून बोथट होई.

कोल्हापूरच्या जगदंबा तलवारीबद्दल 'इंग्रजांनी लुटून नेली' असे सर्रास लिहिले जाते. ती १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्याकडून भेट म्हणून गेली. भेट देणारे छत्रपती त्या वेळी अल्पवयीन होते आणि संस्थानावर ब्रिटिशांची देखरेख होती. लूट नव्हे हे खरे. पण त्या भेटीला मोकळ्या मनाची भेट म्हणणेही कठीण.

शेवटी साताऱ्याची वाघनखे. १९ जुलै २०२४ पासून ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ठराविक मुदतीसाठी येऊन साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली गेली. 'हीच अफजलखान वधाची वाघनखे का?' यावर बरेच रण माजले. ती हीच असे सिद्ध करता येत नाही, हे खुद्द त्या संग्रहालयाचेही म्हणणे आहे. संग्राहकाची नजर येथे नखांवरून पेटीवर जाते.

ती पेटी नंतर स्कॉटलंडमध्ये बनवलेली आहे. तिच्यावरील इंग्रजी मजकुराचा आशय असा : शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारले ते हे वाघनख, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्याच्या मुख्य प्रधानाने त्यांना दिले. आता शब्द मोजा. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. साताऱ्याचा रेसिडेंट छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी होता. पेशवा बाजीराव तर जून १८१८ मध्ये शरण येऊन बिठूरच्या वाटेला लागला होता. आणि सर्वांत बोलका शब्द 'ईडनचे'. साताऱ्याला १८१८ ते १८२२ या काळात होता तो कॅप्टन जेम्स ग्रँट. ईडनची जहागीर आणि 'डफ' हे जोडनाव त्याला मायदेशी परतल्यावर, १८२५ च्या सुमारास मिळाले.

म्हणजे पेटीवरचा मजकूर भेटीच्या क्षणी लिहिलेला नाही. निदान काही वर्षांनी, स्कॉटलंडमध्ये, आठवणीवरून किंवा घराण्यातल्या सांगण्यावरून लिहिलेला आहे. यावरून नखे खोटी ठरत नाहीत. ग्रँटला साताऱ्यात कोणीतरी वाघनखे दिली, हे सहज शक्य आहे. परंतु चांदीवरचा ठसा तपासणीच्या वेळीच उमटतो आणि पेटीवरची पाटी नंतर लागते, हा दोन पुराव्यांतला फरक इथे लख्ख दिसतो.

भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू मराठी की विलायती, यावर ती अट अवलंबून नाही. म्हणून सांगली-साताऱ्याच्या एखाद्या वाड्यातला १९११ च्या दरबाराचा कप केव्हाच शंभरी ओलांडून त्या मर्यादेपलीकडे गेला. आठव्या एडवर्डच्या कपाला अजून काही वर्षे थांबावे लागेल. आणि व्हिक्टोरियाचे मस्तक उमटलेली चहादाणी त्या रेषेपलीकडे असूनही, चांदीचा भाव चढला की, पुन्हा एखाद्या गलाईवाल्याच्या तराजूवर येऊन बसते.